ओळखीच्या शब्दांचे बेट

२२ मार्च २०२३ रोजी आपल्याकडे गुढीपाडवा होता. शालिवाहन शके १९४५ सुरू झाले. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या, गिरगावात आणि डोंबिवलीत शोभायात्रा निघाल्या, ढोल वाजले. त्याच दिवशी विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, इंडोनेशियातल्या बाली बेटावरही शके १९४५ चाच पहिला दिवस होता. तिथले लोकही वर्ष शकातच मोजतात, 'इसाका' म्हणतात. तिथे मात्र सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. दिवे बंद, चुली बंद, दुकाने बंद, विमानतळ बंद, मोबाइलवरचे इंटरनेटही बंद. या दिवसाचे नाव न्येपी. अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, अशी चार व्रते त्या दिवशी पाळायची असतात आणि ती पाहुण्यालाही चुकत नाहीत. हॉटेलच्या आवारात फिरता येते, पडदे ओढून मंद दिवा लावता येतो. फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. 'पेचालांग' नावाचे गावचे राखणदार काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसून रस्त्यांवर फिरत असतात आणि बाहेर दिसलेल्या माणसाला सौम्य शब्दांत, पण हमखास परत पाठवतात. आजारी माणसे आणि बाळंतिणी यांनाच काय ती सूट.

एकच शक, एकच पाडवा, आणि एकीकडे ढोल तर दुसरीकडे सामसूम. बालीला निघालेल्या मराठी माणसाने आधी हे चित्र डोळ्यांसमोर आणावे, असे मला वाटते. अलीकडे बाली आपल्या परदेशवारीच्या यादीत फार वर आले आहे. २०२४ साली त्या बेटावर साठ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक उतरले आणि त्यांत ऑस्ट्रेलियाखालोखाल भारतीय होते. बेटाची स्वतःची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ४३ लाख. म्हणजे यजमानांहून पाहुणे जास्त. परत आलेले ओळखीचे लोक एक वाक्य हटकून सांगतात, "अगदी आपल्यासारखंच आहे हो सगळं." रामायण आहे, गणपती आहे, शंकर-विष्णू आहेत, सकाळी उदबत्ती आणि फुले आहेत. हे सगळे खरेच आहे. पण दोन वेळा तिथे जाऊन आल्यावर आणि त्या दोन्ही वेळा आपल्याच माणसांच्या चुका पाहिल्यावर (त्यांत माझ्याही आल्या) मी अशा निष्कर्षाला आले आहे की बालीत आपली फसगत परकेपणामुळे होत नाही, ओळखीमुळे होते. जर्मन पर्यटक देवळात शिरताना विचारतो. आपण विचारत नाही, कारण देऊळ म्हणजे काय हे आपल्याला माहीत असते.

एक उदाहरण शब्दाचेच घेऊ. बालीत कुठल्याही रीतीबद्दल विचारले की उत्तर येते : 'देसा, काला, पात्रा'. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काळ आणि पात्र येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे 'पात्र' म्हणजे दान घ्यायला योग्य माणूस. बालीत मात्र त्याचा अर्थ परिस्थिती किंवा प्रसंग असा होतो. स्थळ, काळ आणि प्रसंग पाहून रीत ठरते, एका गावचा नियम दुसऱ्या गावाला लागू नाही, असा त्या त्रयीचा व्यवहारातला अर्थ आहे. तेव्हा पुढे जे मी लिहिते आहे त्यालाही हा इशारा लागू आहे. एका देवळात चालले म्हणून दुसऱ्यात चालेलच असे नाही.

देवळापासूनच सुरुवात करायला हवी, कारण सगळा घोळ तिथे आहे. बालीत देवळाला 'पुरा' म्हणतात; आपल्या 'पुर'चेच ते भावंड. (राजवाडा तो 'पुरी'. आपल्या पंगतीतल्या पुरीशी संबंध नाही.) पुरा म्हणजे छपराखालचा गाभारा नव्हे. ती उघड्या आकाशाखालची, भिंतींनी वेढलेली, एकामागून एक अशी दोन किंवा तीन अंगणे असतात. सर्वांत आतले, सर्वांत पवित्र अंगण म्हणजे 'जेरोआन'. तिथे आपण मूर्ती शोधायला लागतो आणि आपल्याला दिसते ते दगडाचे उंच, रिकामे आसन. त्याला पद्मासन म्हणतात. देव तिथे कायम राहत नाही. तो उत्सवाच्या दिवशी उतरतो, त्याला बोलावले जाते, जेवू घातले जाते, नाचगाण्याने रिझवले जाते आणि मग निरोप दिला जातो. हा उत्सव, 'ओदालान', प्रत्येक देवळाचा वेगळा. बहुतेक ठिकाणी २१० दिवसांच्या पावुकोन पंचांगाप्रमाणे येणारा. एरवी देऊळ शांत असते. गणपती आपल्या घरी दीड दिवस येतो, तसे तिथले सगळे देव पाहुणे आहेत, असे म्हटले तर मराठी वाचकाला चटकन कळेल.

आता याचा परिणाम पाहा. आपली देवळातली मुख्य क्रिया दर्शन. रांग लावायची, डोळे भरून पाहायचे, हात जोडायचे, निघायचे. देऊळ सर्वांना खुले असावे हा आपल्याकडचा एका शतकाचा लढा आहे. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी उपोषण केले ते त्याच मुद्द्यावर. त्यामुळे "आत फक्त पूजेसाठी" अशी पाटी दिसली की आपल्या मनात एक जुना राग उठतो. बालीतली ती पाटी त्या जातीची नाही. आत पाहण्यासारखे काही ठेवलेलेच नसते. ती जागा करण्याची आहे. बेसाकिहच्या मोठ्या देवस्थानात आतल्या अंगणांत भाविकांनाच जाता येते, पर्यटकाने बाहेरच्या वाटेने फिरून पाहायचे. ज्याला मनापासून पूजा करायची आहे त्याने तसे सांगावे. योग्य वस्त्र, सोबत कुणी स्थानिक माणूस आणि बसून राहण्याची तयारी असेल तर पुजारी, म्हणजे 'पेमांकु', सहसा नाही म्हणत नाही. पण मग बसायचे. फोन पिशवीत. हातात फूल धरून कपाळापर्यंत हात जोडायचे, शिंपडलेले तीर्थ घ्यायचे, ओले तांदूळ कपाळाला लावून घ्यायचे. पाच मिनिटांत उरकून "चला, पुढचा पॉइंट" हे तिथे शोभत नाही.

वस्त्राचा नियम सोपा आहे आणि तरी रोज मोडला जातो. कमरेखाली 'कामेन', म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, आणि कमरेला 'सेलेन्दांग', म्हणजे शेला. मोठ्या देवळांच्या दारात दोन्ही भाड्याने किंवा तिकिटातच मिळतात. पुष्कळ लोक वस्त्र गुंडाळतात आणि शेला खांद्यावर टाकतात, कारण आपल्याकडे उपरणे खांद्यावर असते. त्या शेल्याचे काम मात्र कमरेशीच आहे. शरीराचा वरचा भाग शुद्ध, खालचा तुलनेने अशुद्ध. दोहोंमध्ये गाठ मारून सीमा आखायची. गाठ नसेल तर वस्त्र नेसून न नेसल्यासारखेच.

हाच वर-खालचा विचार बालीतल्या शिष्टाचाराच्या मुळाशी आहे. तो एकदा लक्षात आला की नियम पाठ करावे लागत नाहीत. वर पर्वत, खाली समुद्र. पर्वताकडची दिशा 'काजा', समुद्राकडची 'केलोद'. देवांचे स्थान तीन हजार मीटरांहून उंच अशा गुनुंग आगुंग पर्वतावर. दक्षिण बालीत पर्वत उत्तरेला आहे म्हणून तिथे काजा म्हणजे उत्तर; बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलेलेंगमध्ये, पर्वत दक्षिणेला म्हणून काजा म्हणजे दक्षिण. म्हणजे आपण जिला वास्तुशास्त्राची ईशान्य म्हणतो, त्या कोपऱ्यात दक्षिण बालीतल्या घराचे देवघर असते, ते पाहून आपले लोक खूश होतात. आणि बुलेलेंगमध्ये तेच देवघर आग्नेयेला पाहून चक्रावतात. होकायंत्र इथे कामाचे नाही, डोंगर कुठे आहे ते पाहायचे. स्थानिक कुटुंबाच्या घरात उतरलात तर खोलीतला पलंग स्वतःच्या सोयीने फिरवू नका. उशी पर्वताकडे किंवा पूर्वेकडे असते, आणि पाय कुठल्या बाजूला जातात याला तिथे महत्त्व आहे.

माणसाच्या अंगातही तोच पर्वत आणि तोच समुद्र. डोके सर्वांत पवित्र, पाय सर्वांत खाली. इथेही मला एक प्रसंग आठवतो. आमच्याबरोबरच्या एका मावशींनी एका घराच्या अंगणात खेळणाऱ्या लहान मुलाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. आपल्याकडे याहून निरागस काही असू शकत नाही. आशीर्वाद द्यायचा तो डोक्यावर हात ठेवूनच. त्या मुलाची आई हसली, पण मुलाला जवळ ओढून घेतले. मावशींना काही कळले नाही. मलाही त्या वेळी कळले नव्हते. परक्याने डोक्याला हात लावणे बालीत अनादराचे मानतात. पुजारी खाली बसून विधी करत असेल तर त्याच्याहून उंच जागी, कठड्यावर किंवा पायरीवर उभे राहून फोटो काढणेही त्याच कारणाने वाईट. आणि वाळत घातलेल्या कपड्यांखालून, विशेषतः कमरेखाली नेसायच्या कपड्यांखालून, जाणे टाळतात. म्हणून तिथल्या दोऱ्या बुटक्या असतात. मुंबईच्या गॅलरीतल्या दांड्यांखालून आयुष्य काढलेल्यांना याचे हसू येईल. येऊ द्यावे, फक्त हॉटेलच्या बाल्कनीत टॉवेल कुठे टाकतो ते पाहावे.

डाव्या हाताचे सांगायला नको, आपण त्यात मुरलेले आहोत. बोटाचे मात्र सांगायला हवे. तर्जनी रोखून माणूस किंवा देऊळ दाखवणे उद्धटपणाचे. बालीत वाट दाखवायची तर उजव्या हाताची मूठ वळून अंगठ्याने दाखवतात. मी पहिल्यांदा रस्ता विचारला तेव्हा समोरच्या गृहस्थाने अदबीने अंगठा पुढे केला. आपल्या भाषेत अंगठा दाखवण्याचा अर्थ काय होतो ते वाचकांना ठाऊक आहे. क्षणभर मला खरोखरच वाटले की हा माणूस सांगायला नकार देतो आहे.

आता सोयर-सुतकाबद्दल. हा भाग नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. बहुतेक देवळांच्या दारात पाटी असते की मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये. पुष्कळ पाट्यांवर आणखीही लिहिलेले असते : ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे त्यांनी, ज्यांच्या जखमेतून रक्त वाहते आहे त्यांनीही येऊ नये. या अवस्थेला 'सेबेल' किंवा 'चुंताका' म्हणतात. पाळीचा विटाळ मला माझ्या देशात मान्य नाही आणि तो त्या देशात गेल्याने मान्य होत नाही. शनिशिंगणापूर २०१६ साली, शबरीमला २०१८ साली. आपला वाद आपण घातला आहे आणि तो घालण्याचा हक्क आपलाच होता. तसाच तिथला वाद घालण्याचा हक्क तिथल्या स्त्रियांचा आहे. चार दिवसांच्या पाहुणीने पाटी ओलांडून सुधारणा होत नसते, म्हणून मी एका देवळाबाहेर अर्धा तास बसून राहिले. पण त्याच पाटीसमोर जे घडले ते मला जास्त बोचले. आमच्यातले एक गृहस्थ आठवड्यापूर्वीच चुलत्यांना पोहोचवून आले होते. तिकिटे आधीची काढलेली, म्हणून आले. घरी त्यांनी दहा दिवस देवाला फूल वाहिले नसते. इथे मात्र ते सरळ आत गेले. पाटी फक्त बायकांसाठी असते अशी त्यांची समजूत होती. मी त्या वेळी त्यांना काही बोलले नाही.

बोलायला हवे होते, हे मला नंतर कळले. आपण म्हणतो की नियम मोडला तर लोकांच्या भावना दुखावतात, आणि भावना म्हटले की माणूस त्यांची किंमत थोडी कमीच धरतो. बालीत भावनांच्या पलीकडे एक हिशेब असतो. पवित्र जागा अशुद्ध झाली की ती शुद्ध करावी लागते, आणि ते काम फुकट होत नाही. शुद्धीच्या एका विधीचे नावच 'प्रायश्चित्ता' आहे, आपलाच शब्द. फरक असा की आपल्याकडे प्रायश्चित्त चूक करणारा घेतो. तिथे, चूक करणारा विमानात बसून निघून गेल्यावर, ते गावाला करावे लागते. मे २०२२ मध्ये ताबानान भागातल्या एका देवळाशेजारच्या, शेकडो वर्षांच्या मानल्या जाणाऱ्या पवित्र झाडाला टेकून एका परदेशी बाईने विवस्त्र छायाचित्र काढून घेतले. ते इंटरनेटवर आले, गाव संतापले, तिला आणि तिच्या नवऱ्याला देशाबाहेर पाठवले गेले. बातमी बहुतेक ठिकाणी इथे संपली. पण त्या जागेची शुद्धी करावी लागली. शुद्धी म्हणजे नैवेद्याची ताटे, ज्यांना 'बांतेन' म्हणतात. ती ताडाची-नारळाची कोवळी पाने कापून, विणून, टाचून, भात, फळे, फुले रचून करावी लागतात, आणि ती बहुतांशी बायका करतात. बालीतल्या प्रत्येक वस्तीची 'बांजार' नावाची एक संघटना असते. देवळाचे असे काम सदस्यांनी विनामोबदला करायचे, त्याला 'न्गायाह' म्हणतात. ज्या बाईचा हॉटेलातला एका दिवसाचा पगार बुडतो, ती ही पाहुण्याच्या चुकीची भरपाई करत असते.

हे डोळ्यांसमोर ठेवून ३१ मे २०२३ चे बालीच्या गव्हर्नरांचे परिपत्रक वाचले तर ते जाचक वाटत नाही. पर्यटकाने काय करावे आणि काय करू नये याची ती यादी आहे : पूजेखेरीज देवळाच्या मुख्य भागात जाऊ नये, पवित्र झाडांवर आणि वास्तूंवर चढू नये, अंगभर कपडे घालावेत, परवाना असल्याशिवाय वाहन चालवू नये, अधिकृत ठिकाणीच चलन बदलावे, कचरा टाकू नये. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया कर घेतला जातो. आकडा ऐकून दचकू नका. आपल्या पैशांत तो हजाराच्या आत-बाहेरच असतो. त्यावरून कुरकुर करणारे आपले लोक मी पाहिले आहेत. हॉटेलातल्या न्याहारीची थाळी अर्धी टाकून देणारेही तेच होते.

आता जमिनीकडे. सकाळी बालीत चालताना नजर खाली हवी. दुकानाच्या दारात, पायरीवर, स्कूटरवर, चौकात, सगळीकडे पानाच्या तळहाताएवढ्या चौकोनी द्रोणात फुले मांडलेली असतात. ती 'चानांग सारी'. पूर्वेला पांढरे, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळे, उत्तरेला निळे किंवा हिरवे फूल, असा त्यांचा नेम. तळाशी विड्याचे पान, सुपारी आणि चुना, आपला विडाच. उदबत्ती जळत असेल तोवर तो नैवेद्य चालू आहे, तेव्हा त्यावरून पाय टाकायचा नाही, वळसा घालायचा. उदबत्ती विझली की त्यातले सत्त्व गेले असे मानतात. मग कुत्रे खाते, स्कूटरचे चाक जाते, कुणी काही म्हणत नाही. हे पाहून आमच्यातला एकजण म्हणाला, "देवाचं असं पायदळी? आपल्याकडे निर्माल्य तरी नीट विसर्जन करतात." त्याने मग एक द्रोण उचलून कट्ट्यावर ठेवला. हेतू चांगला होता. पण जमिनीवर ठेवलेले सगळेच देवासाठी नसते. 'सेगेहान' नावाचा भाताचा छोटा नैवेद्य मुद्दाम खाली ठेवतात, कारण तो भूतगणांसाठी असतो, आणि त्यांची जागा खालीच. तो वर नेऊन ठेवणे म्हणजे आलेल्या पाहुण्याचे ताट दुसऱ्याच्या पाटासमोर सरकवण्यासारखे.

लोकांशी बोलणे सोपे आहे. 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणून हात जोडले की चेहरे खुलतात. पुरुषाला 'ब्ली', बाईला 'म्बोक' म्हणावे, म्हणजे दादा आणि ताई. वयस्कांना इंडोनेशियन 'पाक' आणि 'बू'. वेटरला टाळी किंवा चुटकी वाजवून बोलावू नये, हे इतर देशांतही लागू आहे, तरी लिहून ठेवते. "कुठं निघालात?" हा प्रश्न रस्त्यात अनोळखी माणूस विचारेल. गोऱ्या पर्यटकांना तो चोंबडेपणा वाटतो. आपल्याला वाटू नये, कारण आपल्या गावात आजही तो नमस्काराच्याच जागी असतो. 'जालान-जालान', म्हणजे असेच फिरायला, एवढे उत्तर पुरते. लग्न झाले का, या प्रश्नाला नसेल झाले तर 'बलुम', म्हणजे 'अजून नाही', असे म्हणतात. सपाट 'नाही' म्हटले तर समोरच्यालाच वाईट वाटते.

आपला आवडता प्रश्न मात्र आवरावा : आडनाव काय? बालीत बहुसंख्य लोकांना आडनाव नसते. पहिले मूल वायान, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत, आणि पाचवे झाले की पुन्हा वायान. मुलगा असो की मुलगी, नाव जन्मक्रमाचे. पुढे स्वतःचे एखादे नाव. एका हॉटेलात पाच वायान भेटतात ते त्यामुळे. काही नावांआधी इदा बागुस, आनाक आगुंग, गुस्ती अशी बिरुदे दिसतात. ती वरच्या तीन वर्णांची. बाकी प्रचंड बहुमत स्वतःला शूद्र वर्णात मोजते. पण त्यावरून आपल्या डोक्यातले जातींचे कोष्टक तिथे लावायला जाऊ नये. तिथे व्यवसाय आणि शिवाशिव यांपेक्षा बिरुद, भाषेतला आदर आणि बसण्याची उंची यांत ते जास्त दिसते. बालीनीज भाषेत समोरचा वरचा की खालचा यावर क्रियापदेसुद्धा बदलतात, म्हणून जुन्या पद्धतीचा माणूस अनोळखी माणसाला आधी विचारतो, "तुमचं आसन कुठं?" म्हणजे कुठल्या पायरीवरून बोलू? पर्यटकाला कुणी हे विचारत नाही, कारण इंडोनेशियनमध्ये ही अडचण नाही.

खाण्याचे थोडक्यात. हिंदू म्हणून शाकाहारी असतील हे गृहीत धरून गेलेल्यांचा पहिल्याच दिवशी मुखभंग होतो. बालीचा मानाचा पदार्थ भाजलेले डुक्कर, 'बाबी गुलिंग'. 'लावार' नावाच्या कोशिंबिरीसारख्या पदार्थात कधी कधी कच्चे रक्त असते, आणि तो सणाचा पदार्थ आहे. नाक मुरडू नये. नम्रपणे नको म्हणावे. शाकाहारी माणसाने तोफू आणि तेम्पे हे सोयाबीनचे दोन प्रकार शोधावेत. फक्त चटणीकडे, म्हणजे सांबालकडे, लक्ष ठेवावे. तिच्यात बहुधा 'तेरासी' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. आपल्या जवळ्याच्या चटणीचा वास ओळखीचा असलेल्यांना तो लगेच कळेल.

नाचाबद्दल मात्र थोडे सविस्तर, कारण तिथे प्रश्न उलटा आहे. देवळात आपण जरा जास्तच मोकळे वागतो, आणि रंगमंचापुढे उगाच गंभीर होतो. उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताला शंभरएक पुरुष 'चाक-चाक' करत गोल बसतात आणि मधे राम-सीता-हनुमान येतात, ते केचाक. पुष्कळांना ते हजारो वर्षांचे वाटते. त्याचे आजचे रूप १९३० च्या दशकातले आहे. समाधीत जाण्याच्या 'सांघ्यांग' विधीतला पुरुषांचा घोष घेऊन, वायान लिंबाक हा नर्तक आणि वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार यांच्या सहभागातून ते पर्यटकांसमोर करण्यासाठी बसवले गेले. पुढे पर्यटन वाढले तेव्हा बालीकरांनीच १९७१ साली एक परिसंवाद भरवला आणि नृत्यांचे तीन वर्ग केले : 'वाली', म्हणजे आतल्या अंगणातले, विधीचाच भाग असलेले, 'बेबाली', म्हणजे मधल्या अंगणातले, विधीच्या सोबतीचे, आणि 'बाली-बालिहान', म्हणजे पाहण्यासाठीचे. तीनही वर्गांतली नृत्ये पुढे २०१५ साली युनेस्कोच्या यादीत आली. त्या परिसंवादाचा अर्थ असा की काय दाखवायचे आणि काय नाही हे त्यांनी पाहुण्यांवर सोडले नाही. पर्यटकाने एवढेच विचारावे, "हे बाली-बालिहान आहे ना?" असेल तर टाळ्या वाजवा, फोटो काढा. नसेल तर मागे बसा. नर्तकांच्या आणि देवाच्या मधून चालत जाऊ नका, फ्लॅश मारू नका.

एका भारतीय पाहुण्याची आठवण इथे सांगण्यासारखी आहे. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकूर बालीला गेले. बरोबर भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी होते. कारांगासेमच्या राजाबरोबर ते मोटारीतून चालले होते. दोघांना समान भाषा नव्हती. समुद्र दिसला तेव्हा राजाने 'समुद्र' असे म्हटले, आणि मग त्याला येणारे समुद्राचे इतर संस्कृत शब्द एकामागून एक म्हणून दाखवले. पुढे पर्वतांची, नद्यांची नावे. संभाषण असे नाहीच ते. पण राजाने पाहुण्याला जे आपल्याकडे होते ते दिले. रवींद्रनाथांनी या प्रवासाची पत्रे 'जावायात्रीर पत्र' या नावाने प्रसिद्ध केली आहेत. हा प्रसंग घडला त्याच्या सुमारे एकवीस वर्षे आधी, २० सप्टेंबर १९०६ रोजी, डच फौजेपुढे शरण न जाता बादुंगचे राजघराणे शुभ्र वस्त्रे लेवून तोफांसमोर चालत गेले आणि संपले. १९०८ साली क्लुंगकुंगला तेच झाले. नंतर त्याच डच राजवटीत देनपासारला १९२८ साली बाली हॉटेल उघडले गेले आणि नयनरम्य बेट म्हणून बालीची जाहिरात झाली. हॉटेल उभे राहिले ते त्या कत्तलीच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आज तिथल्या पुपुतान चौकात मुले पतंग उडवतात, आणि आपल्या बसेस बहुधा थांबत नाहीत.

शेवटचे एक, अगदी रोजच्या उपयोगाचे. बालीत वाट अडवणारी मिरवणूक केव्हाही लागू शकते. बायका डोक्यावर फळांचे मनोरे घेऊन एका रांगेत चाललेल्या, मागे गामेलानचे वादक, किंवा बैलाच्या आकाराची चितेची पेटी खांद्यावर गरगर फिरवत नेणारी तरुण मुले. अशा वेळी आपला गाडीवान गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करतो. भोंगा वाजवत नाही. आमच्या गाडीत त्या दिवशी दोघांना विमान गाठायचे होते. त्यांनी "थोडं बाजूने काढता येईल का" असे दोनदा विचारले. ब्ली न्योमानने मागे वळून पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि अंगठ्याने पुढची रांग दाखवली. तिचे शेवटचे टोक दिसत नव्हते. त्याने खिडकीची काच खाली केली आणि गामेलान ऐकत बसला. पंचावन्न मिनिटे गेली. विमान मिळाले. पुढच्या खेपेला निघताना मी विमानतळासाठी दोन तास जास्तीचे धरले.